होयबाईची मान

गिरणीत तिला सगळे होयबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, ते कारकुनाच्या तोंडून बाहेर पडायचं आणि पुन्हा वहीत जाऊन बसायचं. होयबाई हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कारण म्हणाल तर अगदी फालतू. मागावरचा तुटलेला धागा जोडला, गाठ नीट बसली, की तिची मान आपोआप हलायची. एक गाठ, एकदा मान. दिवसाला शंभर-दीडशे धागे तुटायचे, तेवढ्या वेळा ती हो म्हणायची.

एकदा नवा जॉबर आला. जॉबर म्हणजे मागांवर आणि माणसांवर देखरेख करणारा, आणि हा तर नव्या अधिकाराने फुगलेला. त्याने लांबूनच विचारलं, रविवारी जादा पाळीला येशील का? होयबाई तेव्हा गाठ मारत होती. मान हलली. रविवारी हिचा माग बंद, आणि सोमवारी जॉबरचा थयथयाट. "मान हलवून हो म्हणालीस की!" ती म्हणाली, "मी गाठीला हो म्हटलं, साहेब. तुमच्याकडे बघितलंय कोणी?" सगळं खातं पोट धरून हसलं, आणि त्याच दिवशी तिला हे नाव पडलं.

लांबून विचारलं म्हणजे ओरडून नव्हे. विणखात्यात चारशे माग एकदम चालत. आडवा धागा नेणारे चारशे धोटे इकडून तिकडे आपटत. तिथे तोंडाने ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज न काढता, शब्द तोडून तोडून, ओठ मोठे हलवून. दहा माग पलीकडच्या बाईशीही सासूची निंदा अगदी निवांत करता यायची. या बोलण्याला नियम एकच होता. आधी हात वर करायचा, समोरच्याचं लक्ष वेधायचं, मग बोलायचं. समोरच्याने मान हलवली की बोलणं पोचलं. मान हलली नाही, तर बोलणं झालंच नाही असं धरायचं. या नियमावरून भांडणं मिटत, लग्नंही ठरत.

होयबाईचं लग्न असंच ठरलं होतं. समोरच्या रांगेतल्या एका विणकराने हात वर केला, विचारलं, आणि हिची मान हलली. नंतर वर्षभर तो तिला चिडवायचा, "खरं सांग, मला हो म्हणालीस की गाठीला?" ती म्हणायची, "आता काय उपयोग, गाठ तर बसली."

पुढे तो असं चिडवेनासा झाला. मुळात कमी बोलणारा माणूस. जेवताना मीठ हवं असलं तरी नुसतं ताटाकडे बोट दाखवणारा. जे काही बोलायचा ते मागावर, ओठांनी. घरी आला की त्याच्या तोंडाला कुलूप. एका खोलीत तो, ती, त्याची आई आणि सहा वर्षांची मुलगी. तिथे नवरा-बायकोने बोलायचं तरी काय आणि कुणाच्या देखत?

अशात गिरणीत ते फ्रेंच साहेब आले. दिग्दर्शक म्हणे. तरुण, उंच, बारीक, गळ्यात रुमाल. कामगारांच्या जगण्यावर चित्रपट काढणार होते. बरोबर एक कॅमेरावाला, एक दुभाषी आणि एक दिवा. दिवा कसला, लहान सूर्यच तो. चार माणसांनी उचलून आणला आणि विणखात्याच्या टोकाला उभा केला. साहेबांनी हिच्या नवऱ्याला निवडलं. का, कोण जाणे. नाक सरळ होतं म्हणून असेल. त्याला मागाशी उभं करून बोलायला लावलं आणि तो चांगली पंधरा मिनिटं कॅमेऱ्यापुढे बोलला. एवढं तो लग्न झाल्यापासून एकूण तरी बोलला होता का, याचा हिशोब होयबाईने मनातल्या मनात केला. पण काय बोलला ते तिला दिसलं नाही. दिव्याचा झोत थेट तिच्या मागावर. डोळे किलकिले करून ती अंदाजाने गाठी मारत राहिली. पाळी सुटली तरी डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत होते.

बायकांची पाळी अर्धा तास आधी सुटायची. ती घरी गेली. तो नेहमीपेक्षा तासभर उशिरा आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "थांबली नाहीस."

"कशाला थांबायचं?" ती म्हणाली. "घरचं कोण करणार, तुमचा तो परदेशी साहेब?"

सासू हसली. तो हसला नाही. हात धुऊन जेवायला बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर म्हणून निघाला आणि कामावर पोचला नाही. धागे कापायची छोटी कातर फळीवर ठेवून गेला. विणकर कातर घरी विसरत नाही. म्हणजे जाणूनबुजून गेला. पोलिसांनी चार ओळी लिहून घेतल्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही, भांडण नाही. जिवंत आहे की मेला, हे तिला आजही माहीत नाही. कपाळ कुठे फोडायचं तेही कळू नये, असं ते जाणं होतं.

लोकांना मात्र सगळं कळलं होतं. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, "बायको नीट असती तर माणूस घर सोडून कशाला जाईल?" तिचं एक सोडा, तिचा मुलगा गेला होता. पण मुलगी पंधरा वर्षांची झाली तेव्हा एकदा कशावरून तरी बिनसलं आणि तीही म्हणाली, "तूच काहीतरी बोलली असशील बाबांना." होयबाईने तिचे दोन्ही खांदे धरून सांगितलं, "मी एक शब्द बोलले नाही. एक शब्दसुद्धा नाही." मुलीने खांदे सोडवून घेतले. ते बोलणं तिने पुन्हा कधी काढलं नाही आणि मागेही घेतलं नाही.

गिरणी बंद पडली. विणकामाने होयबाईचे कान नेले. डोळे तेवढे शाबूत राहिले. आता ती चौसष्ट वर्षांची होती. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलायची, त्यामुळे निम्म्या लोकांना तिचं बहिरेपण कळायचंही नाही. टीव्हीवर दुसऱ्या भाषेतून आणलेले चित्रपट लागले की ती वैतागून उठून जायची. "ओठ एक बोलतात, बाकीचे भलतंच ऐकतात. कसे बसता रे तुम्ही?" मान हलवायची सवय मात्र गेली नव्हती. कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली तरी मान हलायची. मुलगी म्हणायची, "आई, मान कुणाला हलवतेस?" ती म्हणायची, "गाठीला." घरातला हा एकच विनोद, पण तो कधी शिळा झाला नाही.

मुलगी एका कॉलेजच्या कार्यालयात कारकून होती. एका दुपारी ती घरी आली तेव्हा पर्स न काढताच खुर्चीवर बसली. पिशवीतून घडी केलेला कागद काढला. कॉलेजच्या चित्रपट मंडळाची जाहिरात. रविवारी दुपारी चार वाजता चित्रपट आणि नंतर फ्रेंच दिग्दर्शकांशी चर्चा. वर छायाचित्र होतं. मागाशी उभा असलेला, सरळ नाकाचा, तिशीतला माणूस.

"हे बाबा ना?" मुलीने विचारलं. तिच्या आठवणीत चेहरा उरला नव्हता. घरात फोटो नव्हता. सासूच्या पेटीत होता तो सासूबरोबर गेला.

होयबाई कागदाकडे बघत राहिली. आपला नवरा आता आपल्या मुलीपेक्षा लहान दिसतो, हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि तिने कागद डोळ्यांजवळ नेला. तो त्या दिवशी पंधरा मिनिटं बोलला होता. जायच्या आधी तीनच दिवस. चौतीस वर्षं ती स्वतःला एकच विचारत होती: त्याच्या मनात काय होतं, आणि त्यात माझी काही चूक होती का? ते सगळं त्याने कॅमेऱ्याला सांगितलं असेल, तर ते ओठ अजून शाबूत आहेत. दुसऱ्या कुणाला नाही, पण तिला ते वाचता येतील.

"पहिल्या रांगेत बसायचं," ती म्हणाली. "चष्मा पुसून दे."

सभागृह अर्धंच भरलं होतं. शंभर खुर्च्या, त्यातल्या मागच्या भरलेल्या, पुढच्या मोकळ्या. शिकलेल्या माणसांना पुढे बसायची लाज का वाटते देव जाणे. दिग्दर्शक आता म्हातारे झाले होते. हातात काठी, गळ्यात रुमाल तसाच. चित्रपट मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांची ओळख करून दिली, ती इतकी लांबली की पाहुणेच मध्ये एकदा घड्याळाकडे बघून घेते झाले. मग दिवे गेले.

पडद्यावर गिरणी आली. काळी-पांढरी, मुकी. मुकी म्हणजे होयबाईला. मुलीने पडद्याच्या उजेडात तिच्याकडे तोंड करून सांगितलं, की एक फ्रेंच बाई हळू आवाजात काहीतरी वाचतेय. खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटत होती. भोंगा, दरवाजा, लोकांची रांग. त्या रांगेतले चारपाच जण तिने ओळखले. त्यातला एकही आता नव्हता. मग विणखातं आलं. आणि तो आला.

त्याने समोर बघितलं आणि तोंड उघडलं. खाली अक्षरं आली: "माझे हात या यंत्राचे आहेत, पण माझी नजर उद्याकडे आहे." होयबाईने अक्षरांकडे पुन्हा बघितलंही नाही. असलं वाक्य तिच्या नवऱ्याच्या पणजोबांनीही उच्चारलं नसतं. तिने ओठ धरले. ओठ म्हणत होते, एक, दोन, तीन, चार.

तिला वाटलं आपलं काही चुकतंय. पाच, सहा, सात. तो आकडे मोजत होता. चेहरा गंभीर, कपाळावर घाम, आणि तोंडाने मोजणी. वीस. एकवीस. खाली अक्षरं स्वातंत्र्याबद्दल काहीबाही सांगत होती आणि वर तिचा नवरा चाळीसपर्यंत पोचला होता. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू. यासाठी चौतीस वर्षं? हा माणूस त्या दिवशी नुसते आकडे मोजून गेला?

त्रेचाळीसवर तो थांबला. मान वळवली. आता अर्धाच चेहरा दिसत होता, पण विणखात्यातल्या बाईला अर्धा पुरतो. त्याने उजवा हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. आणि बोलला, तोडून तोडून, ओठ मोठे हलवून:

"सुटल्यावर. गेटाशी थांब. घरी बोलता येत नाही. आज सगळं सांगतो."

क्षणभर तो तिकडेच बघत राहिला. मग चेहऱ्यावरचा ताण उतरला, लग्नाच्या वर्षी हसायचा तसा किंचित हसला, आणि कामाला लागला.

पुढचा चित्रपट होयबाईने पाहिला नाही. तिचे डोळे पडद्यावर होते इतकंच. थांबली नाहीस, तो दारात उभा राहून म्हणाला होता. तासभर गेटाशी उभा राहून आला होता. आणि आपण काय म्हणालो? कशाला थांबायचं. सासू हसली होती. आपणच हसवलं होतं.

तरी तिच्यातली विणखात्यातली बाई हट्टाने भांडत राहिली. नियम म्हणजे नियम. समोरच्याची मान हलली नाही तर बोलणं झालंच नाही. मला दिसलं नव्हतं. दिवा होता डोळ्यांवर. मान हलायच्या आधीच तुम्ही कामाला लागलात, मग चूक कुणाची? तुमची. या एका गोष्टीला तिने घट्ट धरून ठेवलं, आणि दिवे लागले.

चर्चा सुरू झाली. एका दाढीवाल्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न चार मिनिटं चालला; त्यात प्रश्न नेमका कुठे आहे हे दिग्दर्शकांबरोबर आलेल्या दुभाषी तरुणीलाही सापडलं नाही. तिने आपल्या मनाने एक तयार करून पुढे सरकवला. मग एका विद्यार्थिनीने नेमकं तेच विचारलं: तो कामगार मध्येच मान वळवून लांब बघतो, ते तुम्ही सांगितलं होतं का?

दिग्दर्शकांचा चेहरा खुलला. होयबाई दुभाषीच्या ओठांवर नजर ठेवून होती. "नाही," दुभाषी सांगत होती, "ते म्हणतात, मी सांगितलं नव्हतं. तिथे इतका गोंगाट होता की आवाज घेणं शक्यच नव्हतं. म्हणून मी त्याला म्हटलं, नुसते आकडे मोज. शब्द मी नंतर घरी बसून लिहिले. पण मध्येच त्याने आपणहून मान वळवली आणि हात उंचावला. मला वाटलं, हा भविष्याला हाक मारतोय. माझा सगळा चित्रपट त्या एका नजरेवर उभा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भविष्य त्या वेळी तिसऱ्या रांगेतल्या मागावर गाठी मारत होतं, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

होयबाईने हात वर केला. विणखात्यात करायचे तसा, आणि कुणाची मान हलायची वाट बघत बसली. शेवटी मुलगीच उठून म्हणाली, "माझ्या आईला बोलायचंय."

"तेवढा तुकडा पुन्हा दाखवाल का?" होयबाई म्हणाली. "तो माझा नवरा."

दिग्दर्शक काठी टेकत खाली आले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. दुभाषीमार्फत विचारलं, "आता ते कुठे असतात?"

"माहीत नाही. तुम्ही आलात त्यानंतर तीन दिवसांनी गेले."

मग जरा चाचरत ते म्हणाले, "तुम्ही लोक ओठांवरून बोलणं ओळखता, असं मी तेव्हा ऐकलं होतं. मोजणं थांबल्यावर तो काहीतरी बोलतो. इतकी वर्षं मला ते जाणून घ्यायचंय. तुम्ही सांगाल?"

सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. मुलगी तर श्वास धरून बघत होती. दिवे पुन्हा गेले.

या खेपेला होयबाईला ओठ वाचायचे नव्हते. ते पाठ झाले होते. तिला फक्त तो नियम पक्का करायचा होता. तो मोजत होता. त्रेचाळीस. मान वळली. हात वर, खाली, पुन्हा वर. तो बोलायला लागला तशी तिने त्याच्या नजरेमागोमाग आपली नजर नेली, पडद्याच्या पार कोपऱ्यात. तिथे एक माग होता. मागामागे डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई होती. तिने दिव्याच्या उजेडात चेहरा वर उचलला, थेट त्याच्या बाजूला, डोळे किलकिले करून. आणि मान हलवली. चांगली ठसठशीत, एकदा.

मग तो हसला आणि कामाला लागला.

बोलणं पोचलं होतं. नियमाप्रमाणे पोचलं होतं. जॉबर फसला होता तो नवा म्हणून. नवऱ्याला तरी तिची खोड माहीत असायला हवी होती. पण ज्याला हो हवं असतं, त्याला हललेली मान पुरते. तो तासभर गेटाशी उभा राहिला तो अंदाजाने नव्हे. बायकोने शब्द दिला होता म्हणून उभा राहिला. आणि सगळं म्हणजे काय सांगणार होता, ते ना कॅमेऱ्यात होतं, ना या जगात आणखी कुठे.

दिवे लागले. दिग्दर्शक वाकून उभे होते. "काय म्हणाला तो?" दुभाषीने विचारलं.

"आकडे," होयबाई म्हणाली. "आकडेच मोजतायत शेवटपर्यंत. पन्नासपर्यंत."

मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि टाळ्या पडल्या. दिग्दर्शक हिरमुसले, पण त्यांनीही हसून घेतलं. अध्यक्षांनी आभार मानले. बाहेर चहाची सोय केली होती.

त्या दोघी चहाला थांबल्या नाहीत. अजून ऊन होतं. रस्त्याच्या कडेने चालताना मुलीने आईचा हात धरला. असा तिने बऱ्याच वर्षांत धरला नव्हता. बोलायचं असलं की आईसमोर तोंड करावं लागायचं, म्हणून ती मध्येच थांबून पुढ्यात उभी राहिली.

"आई, मी तुला एकदा बोलले होते. बाबा तुझ्यामुळे गेले म्हणून. आठवतं?"

"नाही," होयबाई म्हणाली.

"मला आठवतं. आज बघितलं ना त्यांना. त्यांच्या मनात काही नव्हतंच गं आपल्यासाठी. नुसते आकडे. तुझी काही चूक नव्हती. मी उगाच तुझ्यावर आळ घेतला."

हे वाक्य ऐकायला होयबाई पंचवीस वर्षं थांबली होती. तिने ते मुलीच्या ओठांवरून अक्षर न् अक्षर वाचलं. पण त्याचा आता काही उपयोग नव्हता; वाक्य आलं ते भलत्याच पत्त्यावर आलं होतं.

मुलीने डोळे पुसले. वातावरण हलकं करावं म्हणून हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "आणि कोपऱ्यात तू होतीस ना गं? डोक्याला रुमाल बांधलेली? मी ओळखलं लगेच. तेव्हाही तेच! मान कुणाला हलवत होतीस?"

"गाठीला," होयबाई म्हणाली.

मुलगी नेहमीसारखी हसली. मग तिने पुन्हा आईचा हात धरला आणि दोघी घराकडे चालायला लागल्या.